स्लॅश टीएमपी नीट कसं वापरायचं: टेम्पररी फाइल बनवणाऱ्या सगळ्यांसाठी

स्क्रिप्टमधे थोडा वेळ डेटा ठेवायचा असला की बरेच जण सरळ /टीएमपी (लिनक्स-मॅकवरचं सगळ्यांसाठी खुलं टेम्पररी फोल्डर) मधे "आउटपुट" नावाची फाइल बनवून मोकळे होतात. कृपया असं करू नका, निदान जिथे चार जण लॉगिन करतात त्या सर्व्हरवर तरी नकोच.

कारण समजून घ्या. /टीएमपी वर "एलएस -एलडी" मारलंत तर परमिशनच्या शेवटी "टी" दिसेल, आकड्यात 1777. म्हणजे फाइल कोणीही बनवू शकतो, पण दुसऱ्याची फाइल उडवता किंवा तिचं नाव बदलता येत नाही, याला स्टिकी बिट म्हणतात. पण तुमच्या फाइलचं नाव आधीच ओळखून त्याच नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारा शॉर्टकट) तिथे टाकून ठेवायला हा बिट कोणालाच अडवत नाही, मग तुमची स्क्रिप्ट रूटने (सगळे अधिकार असलेल्या अ‍ॅडमिन युजरने) चालली की ती लिंक जिकडे जाते ती फाइल ओव्हरराइट! लिनक्स कर्नल 3.6 पासून हे रोखायची सेटिंग आहे, तरी तिच्या भरवशावर राहू नका.

त्यापेक्षा "एमकेटेम्प -डी" ही कमांड वापरा. रँडम नावाचं नवीन फोल्डर मिळतं, परमिशन 700, म्हणजे फक्त तुमचं, सगळ्या फाइली त्यातच ठेवा आणि स्क्रिप्टच्या सुरवातीलाच "ट्रॅप" (स्क्रिप्ट संपताना आपोआप चालणारी कमांड नेमून देणं) लावून एक्झिटला ते फोल्डर उडवायची सोय करा. मधेच कंट्रोल-सी दाबलं तरी बॅशमधे साफसफाई होते, फक्त "किल -9" ला (प्रोसेस जबरदस्तीने तिथल्या तिथे मारणं) इलाज नाही.

आणि /टीएमपी हा पाथ स्क्रिप्टमधे हार्डकोड करू नका (म्हणजे थेट लिहून टाकू नका), टीएमपीडीआयआर हे व्हेरिएबल त्यासाठीच आहे. मॅकवर प्रत्येक युजरचं टेम्प फोल्डर /व्हार/फोल्डर्स च्या आत वेगळं असतं. एमकेटेम्पला स्वतःचा पाथ दिला नाहीत तर लिनक्सवर तो हे व्हेरिएबल स्वतःच बघतो.

आता जागेचं. फेडोरावर 18 पासून आणि डेबियनवर 13 पासून /टीएमपी बाय डिफॉल्ट टीएमपीएफएस असतं, म्हणजे डिस्कवर नाही तर रॅममधे, आणि साधारण निम्म्या रॅमइतकीच लिमिट. 8 जीबीच्या मशीनवर 6 जीबीची फाइल सॉर्ट करायला घेतलीत तर "नो स्पेस लेफ्ट" येणारच, डिस्क रिकामी असली तरी. "फाइंडएमएनटी /टीएमपी" मारून आधी बघा, आणि मोठं काम असेल तर /व्हार/टीएमपी वापरा, सॉर्टला "-टी" (कॅपिटल टी) देऊन तिकडे वळवता येतं. /व्हार/टीएमपी मधलं रीबूटनंतरही टिकतं.

पण कायमचं नाही हं. सिस्टमडी (बऱ्याच लिनक्सवर सगळ्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) रोज झाडू मारतो, त्याच्या मूळ सेटिंगप्रमाणे /टीएमपी मधलं 10 दिवस आणि /व्हार/टीएमपी मधलं 30 दिवस कोणी हात न लावलेलं उडतं (डिस्ट्रो म्हणजे लिनक्सच्या फेडोरा, डेबियनसारख्या आवृत्तीप्रमाणे हे आकडे बदलतात). आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या प्रोग्रामची फाइल अशी गायब झाली की कारण शोधताना जीव जातो, म्हणून तसला डेटा /व्हार/लिब मधे ठेवा.

कधीकधी डीएफ (डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी कमांड) म्हणतं फुल्ल आणि डीयू ला (फोल्डरमधल्या फाइलींची जागा मोजणारी) काहीच सापडत नाही, तेव्हा फाइल डिलीट झालेली असते पण कुठल्यातरी प्रोसेसने ती उघडी धरून ठेवलेली असते. "एलएसओएफ +एल1" (एल कॅपिटल) मारा, ती प्रोसेस दिसेल, रीस्टार्ट करा, जागा मोकळी होते.