घरातल्या जुन्या सनदेवरचा शिक्का कसा वाचायचा

आपल्या नागपुरात बरेच जण विचारून राहिले की आमचं आडनाव चिटणवीस, देशमुख, मग आम्ही राजघराण्यातले का? तर भाऊ, हे आधी कामाचे हुद्दे. देशमुख परगण्याचा वसूल बघायचा, देशपांडे हिशोब ठेवायचा, चिटणवीस पत्रव्यवहार. भोसल्यांचा 'सेनासाहेबसुभा' हा मात्र छत्रपतींनी दिलेला किताब.

घरच्या पेटीत मोडी कागद असेल तर तो घासू नका, लॅमिनेशन तर अजिबातच नको, खिडकीच्या उजेडात फोटो काढा अन् आधी शिक्का बघा. शिक्का ज्याने कागद दिला त्याचा, ज्याला मिळाला त्याचा नाही, इथंच सगळे फसतात. शेवटी छोटा शिक्का असतो, तो मोर्तब, म्हणजे मजकूर संपला, पुढं कोणी काही घुसवू नये. मग साल. 'इहिदे समानीन मया व अलफ' असं दिसलं तर ते अरबी आकडे, 1, 80, 100 अन् 1000, म्हणजे 1181. हा शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली वर्षं मोजायची पद्धत; इसवी सन काढायला त्यात 599 किंवा 600 मिळवा, आलं 1780-81.

ऑनलाइन विकतात ते आडनावाचं राजचिन्ह घेऊ नका, आपल्याकडे आडनावाला चिन्ह द्यायची पद्धतच नव्हती. त्यापेक्षा मोडी शिका, नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयात जा, गावाचं अन् परगण्याचं नाव लिहून न्या.