पाइपवरची भेग किती सीरियस, कसं बघायचं

आधी भेग पाइपच्या लांबीच्या दिशेने गेलीय की घेराच्या दिशेने ते बघा, लांबीच्या दिशेने गेलेली असेल तर जास्त टेन्शन, कारण आतल्या प्रेशरने घेरातला ताण लांबीच्या दिशेतल्या ताणाच्या दुप्पट असतो आणि तो तीच भेग उघडतो. ३०० मिमी व्यास, १० मिमी जाडी, ५० बार प्रेशर धरलं तर घेरातला ताण ७५ मेगापास्कल.

डाय पेनिट्रंट (भेगेत शिरणारा रंगीत द्रव) मारून लांबी कळते, खोली नाही! खोलीसाठी सहसा अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची तपासणी) लागतं, आणि खरा खेळ खोलीचाच आहे.

मग स्ट्रेस इंटेन्सिटी फॅक्टर (भेगेच्या टोकाशी ताण किती तीव्र होतो त्याचं माप) काढा, त्यासाठी पृष्ठभागावरच्या भेगांची न्यूमन-राजूची सूत्रं बेस्ट, आणि मटेरियलच्या फ्रॅक्चर टफनेसशी (भेग वाढू न देण्याच्या क्षमतेशी) ताडून बघा. वेल्डजवळ असेल तर रेसिड्युअल स्ट्रेसही (वेल्डिंगनंतर धातूत उरलेला ताण) धरा, लोक हमखास विसरतात.