लिंबाच्या पानातली परजीवी गांधीलमाशी ओळखायची असेल तर

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला परजीवी गांधीलमाश्या घेतल्या असतील आणि ठाण्यात राहत असाल, तर सुरुवात सोसायटीच्या बागेतल्या लिंबापासून करा. पावसाळा सरल्यावर कोवळ्या पालवीवर चंदेरी नागमोडी रेषा दिसतात. ती लिंबावरची नागअळी, फिलोक्निस्टिस सिट्रेला, म्हणजे पानाच्या आत बोगदा करणारी, एका इवल्या पतंगाची अळी. आपल्या गांधीलमाश्या तिच्यावरच वाढतात. टोमॅटोच्या पानातली नागअळी बहुधा माशीची असते. तिला पतंगाच्या अळीसारखं वेगळं डोकं नसतं, एवढं आधी तपासून घ्या.

ओळखीचं अर्धं काम पान तोडतानाच होतं, असं माझं ठाम मत आहे. एका काचेच्या नळीत एकच पान, त्यात एकच अळी. तोंडाला कापसाचा बोळा, आत टिपकागदाची पट्टी. जिलेटिनच्या कॅप्सूल आपल्या दमट हवेत मऊ पडतात, म्हणून मी काचच वापरते. झाड, ठिकाण, तारीख तिथल्या तिथे पेन्सिलीने लिहा. गांधीलमाशी बाहेर आली तरी पान टाकू नका. बोगदा उघडून अळीचे अवशेष आणि कोषाचं रिकामं कवच शोधा. कारण ती अळीवर वाढलेली असेल, किंवा अळीवरच्या दुसऱ्या परजीवीवरही! हा पुरावा गेला की नाव कितीही अचूक लावा, यजमानाची, म्हणजे ती ज्या कीटकावर वाढली त्याची, नोंद संशयितच राहते.

नमुना ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. जेमतेम एक-दोन मिलिमीटरचं शरीर नुसतं वाळवलं तर आक्रसतं आणि लक्षणं दिसेनाशी होतात.

सूक्ष्मदर्शकाखाली आधी पाऊल बघा. चार खंड असतील तर बहुधा युलोफिडी कुळ. पाच खंड आणि मधल्या पायाच्या नडगीला टोकाशी जाड काटा असेल तर एन्सर्टिडी. नागअळीवर दोन्ही कुळं सापडतात. युलोफिडीत पुढे स्क्युटेलमचे, म्हणजे पाठीवरच्या ढालीसारख्या भागाचे, राठ केस मोजायचे: एकच जोडी असेल तर एन्टेडोनिनी उपकुळाकडे वळा. मग पंखाच्या शिरा आणि शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) बघा. इथे घाई नको. ‘सिरोस्पिलस, जात अनिश्चित’ असं नुसतं वंशाचं नाव देणारं लेबल मला ओढूनताणून लावलेल्या जातिनामापेक्षा मोलाचं वाटतं.

येऊरच्या जंगलात गोळा करायचं असेल तर ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या. परदेशी तज्ज्ञाकडे नमुने धाडण्यापूर्वी जैवविविधता कायदा, २००२ वाचा आणि पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात विचारून बघा.