नवतप्यात म्हाताऱ्या माणसाला तहान लागण्याची वाट पाहू नका

नवतपा म्हणजे मे अखेरचे कडक तापणारे नऊ दिवस. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, घामही कमी सुटतो, त्यामुळे टिनाच्या घरात बसलेली आजी "मले काई नाई होत" म्हणते तेव्हा ती खरंच सांगत असते. अंग आतून तापलेलं तिला कळतच नाही. म्हणून विचारू नका, दर तासाला पेलाभर पाणी किंवा ताक हातात द्या. मात्र हृदय किंवा किडनीचा त्रास असेल, तर किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांना आधीच विचारा. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यापुरता डोस बदलायचा का, हेही त्यांनाच विचारा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

दुपारी टिनाखाली ठेवण्यापेक्षा कौलारू पडवीत किंवा कडुनिंबाखाली खाट टाका. नुसता पंखा ४० अंशांच्या वर गरम हवाच फेकतो. अंगावर ओला दुपट्टा असेल तरच त्याचा उपयोग होतो.

बोलणं असंबद्ध झालं, ओळख पटेना, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. तापाची गोळी इथे काम करत नाही. लगेच १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत, मान, काखा, जांघांवर ओली फडकी ठेवत वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.