सर्दी की फ्लू? घरच्या घरी ओळखायची रीत

घरात कुणी आजारी पडलं की आधी विचारायचं ते एवढंच: हे सुरू कधी झालं? "परवा घसा खवखवत होता, काल नाक गळायला लागलं, आज शिंका थांबत नाहीत" असं टप्प्याटप्प्यानं उत्तर आलं, तर बहुतेक साधं सर्दी-पडसं. "जेवून ऑफिसात बसलो होतो, चारच्या सुमारास एकदम हुडहुडी भरली" असं कुणी वेळेसकट सांगितलं, तर संशय फ्लूचा. ती वेळ लिहून ठेवा, पुढे औषधासाठी लागते.

दुसरी खूण अंगाची. सर्दी नाका-घशातच मुक्काम करते. माणूस कुरकुरत का होईना, कामाला जातो. फ्लूत नाकाची तक्रार मागे पडते. पाठ, मांड्या, पिंढऱ्या ठणकतात, डोकं धरतं, कोरडा खोकला येतो आणि उठून पाण्याचा पेला घेणंही जिवावर येतं. सर्दी साधारण 7 ते 10 दिवसांत निवळते. फ्लूचा ताप बहुधा 3-4 दिवसांत उतरतो, पण खोकला आणि थकवा पुढे दोन आठवडे सहज रेंगाळतो. लहान मुलांना फ्लूत उलट्या-जुलाबही होतात. म्हाताऱ्या माणसांना मात्र ताप न येताच नुसती ग्लानी किंवा असंबद्ध बोलणं दिसू शकतं, आणि घरचे ते वयावर ढकलतात.

ताप हाताला लावून नव्हे, मोजून ठरवा. मोठ्यांना सर्दीत सहसा ताप नसतो, आलीच तर कणकण. फ्लूत पारा 101 ते 104 फॅरनहाइटपर्यंत जातो. डिजिटल थर्मामीटर जिभेखाली ठेवून, ओठ मिटून, बीप वाजेपर्यंत थांबा. चहा किंवा फ्रिजचं पाणी प्यायल्यावर वीस मिनिटं जाऊ द्या. काखेत आकडा अर्धा ते एक अंश कमी येतो. तापाची गोळी घेतल्यावर चार-सहा तासांत मोजलेल्या तापावर विसंबू नका, तो दबलेला असतो. कपाळासमोर धरायची गन तर नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये हमखास फसवते. उन्हातून आलेल्या माणसाला आधी अर्धा तास सावलीत बसवा. मात्र उन्हात राबलेला माणूस तापलेला आणि बरळत असेल, तर थर्मामीटर शोधत बसू नका. तो उष्माघात आहे, पॅरासिटामॉलनं उतरत नाही. अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि दवाखान्यात न्या.

शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणून अँटिबायोटिक सुरू करायची सवय इथे जुनी आहे. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो रंग येतो. सर्दी आणि फ्लू दोन्ही विषाणूंचे, त्यांच्यावर ती गोळी चालत नाही. संत्र्यांवरही उगाच आळ घेतला जातो. संत्रं खाल्ल्यानं फ्लू होत नाही, आणि बराही होत नाही.

फ्लूचे दिवस आपल्याकडे दोनदा येतात: पावसाळ्यात, आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. पावसाळ्यात घोळ वाढतो, कारण तेव्हाच डेंग्यूही असतो आणि जूननंतर बंद पडलेल्या कूलरच्या टाकीत पाणी तसंच साचून राहिलेलं असतं. जोराचा ताप आहे, पण ना खोकला, ना घसा, ना नाक. डोळ्यांच्या मागे दुखतं, अंगावर पुरळ आहे, तर डेंग्यू धरून रक्त तपासा. तोवर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. गडचिरोली-गोंदियाकडून आलेल्याची मलेरियाची तपासणी करा. शेता-गवतात वावर झाला असेल तर काखेत, जांघेत काळी खपली शोधा; गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं होणारा स्क्रब टायफस हा ताप विदर्भात असतो. राहिला कोविड, तो नुसत्या लक्षणांवरून वेगळा काढता येत नाही, चाचणीच लागते.

आता ती लिहून ठेवलेली वेळ. ओसेल्टामिवीर हे फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. पासष्टीच्या पुढचे, पाच वर्षांखालची मुलं, गर्भवती, मधुमेह, दमा, हृदय किंवा किडनीचे रुग्ण यांनी "दोन दिवस बघू" म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये. धडधाकट तरुणाला बहुधा आराम, पाणी आणि पॅरासिटामॉल पुरतं.

पॅरासिटामॉलमध्येच जास्त चुका होतात. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत बहुतेक वेळा ते आधीच असतं, वर वेगळी गोळी घेतली की डोस दुप्पट होतो. मुलांचा डोस किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. 12 किलोच्या मुलाला 180 मिलिग्रॅम. बाटलीवर 5 मिलीत 120 लिहिलं असेल तर ते 7.5 मिली, 250 असेल तर फक्त 3.6 मिली. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच, म्हणून लेबल वाचल्याशिवाय ओतू नका, आणि घरचा चमचा नको. अठरा वर्षांखाली ॲस्पिरिन अजिबात नाही.

मुलाचा श्वास मोजायला शिका. मूल झोपलेलं किंवा शांत असताना शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट पोट-छातीची हालचाल मोजा. 2 महिन्यांपर्यंत 60, वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर लगेच निघा. मोठ्यांमध्ये धाप, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, ओठ निळे पडणं, ऑक्सिमीटरवर 94 च्या खाली आकडा ही कारणं पुरेशी आहेत. ताप उतरून दोन दिवस बरं वाटलं आणि मग पुन्हा चढला, खोकला वाढला, तर न्यूमोनियाची शंका घ्या. अशा वेळी रात्र असली तरी नागपुरातल्या मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी गाठा, सकाळची ओपीडी नको.

शाळा-ऑफिस पुन्हा सुरू करायचं ते गोळीशिवाय पूर्ण 24 तास ताप नसल्यावरच. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, 6 महिन्यांच्या बाळापासून देता येते. तिचा परिणाम व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून पाऊस लागायच्या आधीच घ्या.