या चुका टाळा: बेस गिटारची किंमत, रूप आणि आवाज तोलताना

बेस गिटारमधल्या काही गोष्टी नंतर बदलता येतात, काही येत नाहीत. तारा, पिकअप (तारांची कंपनं टिपणारी चुंबकं), खुंट्या, ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग), नॉब हे सगळं बदलता येतं. पण नेकचा, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्याचा, आकार, तो सरळ आहे की पिळलेला, लाकडाचं वजन आणि स्केल, म्हणजे नटपासून (नेकच्या टोकाला तारांच्या खाचा असलेली पट्टी) ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, हे पहिल्या दिवशी मिळतं तसंच कायम राहतं. पस्तावायची वेळ येते ती बहुतेकदा क्रम उलटा झाल्यामुळे. रंग, पिकअपचं नाव आणि नॉबची संख्या पाहून पैसे मोजले जातात आणि नेककडे लक्ष जातं घरी आल्यावर.

मोबाइलवर ऐकून आवाज ठरवणं

चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड मोकळी तार, ई, 41 हर्ट्झला वाजते. पाच तारांच्या बेसवरची बी त्याहून खाली, 31 हर्ट्झच्या आसपास. मोबाइलच्या स्पीकरमधून हा खर्ज निघतच नाही. कानावर पडतात ते त्या सुराचे वरचे अंश, आणि उरलेला खर्ज आपला मेंदू भरून काढतो. शिवाय अशा व्हिडिओत तारा बहुधा कोऱ्या असतात आणि आवाजावर कंप्रेसर (आवाजाचे चढउतार सपाट करणारा), इक्वलायझर (खर्ज-तीव्र कमीजास्त करणारा) चढवलेला असतो. म्हणून दोन मॉडेलमध्ये जाणवलेला फरक पुष्कळदा तारांचा आणि रेकॉर्डिंगचा असतो, बेसचा नसतो. व्हिडिओवर विसंबायचंच असेल तर कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावा, आणि एकाच माणसाने एकाच अ‍ॅम्प-रेकॉर्डिंगच्या साखळीतून वाजवलेले दोन बेस शेजारी ठेवून ऐका.

दुकानात शिरल्या शिरल्या केबल लावणं

आधी केबल न लावता वाजवा. बेसच्या वरच्या शिंगावर (बॉडीचं नेकशेजारचं वरचं टोक) हनुवटी टेकवा आणि मोकळी ए तार छेडा. चांगला जुळलेला बेस हाडातून घुमतो आणि सूर सावकाश विरतो. मग सगळ्यात बारीक ‘जी’ तारेवर पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बाराव्यापर्यंत एकेक सूर सारख्याच जोराने वाजवून चार-पाच सेकंद धरा. बोल्टने जोडलेल्या नेकच्या बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा सूर मध्येच गळपटतो, कारण नेकची स्वतःची कंपनं त्या सुराची ताकद शोषून घेतात. थोडासा फरक बहुतेक बेसवर सापडेल. पण शेजारचे दोन सूर घुमत असताना एक सूर सेकंदाभरात मरत असेल, तर त्याच मॉडेलचा दुसरा नग मागा. हा दोष पिकअप बदलून जात नाही.

नेक तपासायला हेडस्टॉककडून (खुंट्या असतात ते टोक) ब्रिजच्या दिशेने एक डोळा मिटून बघा. ई आणि जी तारांच्या बाजूच्या दोन्ही कडा एकाच पातळीत धावायला हव्यात. एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल तर नेक पिळलेला आहे, तिथेच थांबा. नेकची कड तळव्याने वरपासून खालपर्यंत घासून फ्रेटची टोकं बोचतात का तेही बघा. शेवटी नेक आणि बॉडीच्या सांध्यात व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहा. ते आरपार आत गेलं, तर सांधा सैल आहे.

एकट्याने वाजवताना गोड वाटला म्हणून घेणं

आता अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र. सगळे इक्वलायझर नॉब मध्यावर, बेसचा टोन पूर्ण उघडा, इफेक्ट बंद. दुकानातल्या अ‍ॅम्पवर अनेकदा खर्ज आणि तीव्र वाढवलेले असतात आणि मधला भाग खाली ओढलेला असतो. एकट्या बेसला ते फार देखणं लागतं. पण ड्रम आणि कीबोर्ड सुरू झाले की तोच बेस गायब होतो, कारण गर्दीत बेस ऐकू येतो तो साधारण 200 ते 800 हर्ट्झच्या पट्ट्यामुळे. मोबाइलवर एखादा बेस नसलेला ट्रॅक घेऊन जा आणि त्याच्यासोबत वाजवून पाहा. पाच मिनिटांत कळतं.

इथे जुनी घराणी ओळखीची असली तर बरं, कारण आजचे बरेचसे बेस त्यांच्याच वळणावर बेतलेले आहेत. फेंडरचा प्रिसिजन 1951 चा. त्याचा दोन तुकड्यांचा पिकअप 1957 मध्ये आला. एकच आवाज, पण भरीव, आणि दोन गुंडाळ्या एकमेकींची गुणगुण मारत असल्याने शांत. जाझ बेस 1960 चा. त्याचे दोन सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचे) पिकअप पूर्ण उघडे ठेवले की गुणगुण जाते, पण दोन पिकअपमधले काही मधले सूर एकमेकांना खातात आणि आवाज थोडा पोकळ होतो. मागच्या पिकअपचा नॉब किंचित कमी करा, मधला भाग लगेच परत येतो. सोबत थोडी गुणगुणही येते, हा त्या रचनेचा गुण आहे, बिघाड नव्हे. म्युझिक मॅनचा स्टिंगरे 1976 चा, मोठा हंबकर (गुणगुण मारणारा दुहेरी गुंडाळीचा पिकअप) आणि आत बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प (बेसमध्येच आवाज वाढवणारं सर्किट). आधुनिक अ‍ॅक्टिव्ह बेसची वाट तिथून रुळली.

नेकही वेगळे. जाझचा नेक नटपाशी सुमारे 38 मिलिमीटर रुंद, प्रिसिजनचा 41 ते 44. बोटं आखूड असतील तर हे तीन ते सहा मिलिमीटर पिकअपच्या नावापेक्षा मोठे ठरतात. आणि 34 इंची स्केलवर पहिल्या चार फ्रेटपर्यंत हात ताणून दुखत असेल, तर 30 इंची शॉर्ट स्केल हा पूर्ण वाढलेला, वेगळ्या आवाजाचा बेस आहे. तो लहान मुलांसाठी असतो हा समज सोडा.

सगळं बजेट बेसवरच उडवणं

हातात 30 हजार रुपये असतील तर 30 हजारांचा बेस घेऊ नका. 20 ते 22 हजारांत बेस बसवा. उरलेल्यात हेडफोन अ‍ॅम्प किंवा छोटा बेस अ‍ॅम्प, तारांचा एक जादा संच, रुंद पट्टा, क्लिप ट्यूनर आणि एक नीट सेटअप (नेक, तारांची उंची आणि सूर जुळवून घेणं) बसवा. जाणकाराने सेटअप केलेला स्वस्त बेस, डब्यातून काढून तसाच वाजवलेल्या महागड्या बेसपेक्षा चांगला वाजतो. हे दोन्ही शेजारी ठेवून वाजवणाऱ्या कुणालाही पटतं.

जास्तीचे पैसे कुठे जातात? सुरुवातीच्या टप्प्यात फ्रेटच्या सफाईत, खुंट्यांच्या घट्टपणात, आतल्या पॉट (नॉबखालचा फिरणारा भाग) आणि जॅकच्या दर्जात. हा फरक हाताला जाणवतो. पुढे गेलात की पैसा लाकडाच्या निवडीत, फिनिशमध्ये, कुठल्या देशात बनवला यात आणि नावात जातो. ते घेणं चूक नाही, फक्त आपण काय घेतोय ते माहीत असावं.

गिटारच्या अ‍ॅम्पमधून बेस वाजवून पैसे वाचवणं मात्र महागात पडतं. घरात हळू आवाजात चालतं. मोठ्याने वाजवलं की छोटा स्पीकर फाटू शकतो, कारण खर्जासाठी त्याच्या पडद्याला फार लांब हलावं लागतं. ड्रमसोबत वाजवायचं असेल तर 20 वॉट पुरत नाहीत, 200 च्या पुढेच विचार करा.

रूपाला भुलणं, किंवा रूपाला उगाच हिणवणं

रूप महत्त्वाचं आहे. जो बेस बघावासा वाटतो तोच रोज हातात घेतला जातो. पण पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसणारा मेपलचा वरचा थर स्वस्त आणि मध्यम किमतीत बहुधा कागदासारखा पातळ पापुद्रा असतो. आवाजात त्याचा वाटा नाही. दोन मॉडेलमध्ये फरक तेवढाच असेल, तर निर्णय फक्त डोळ्यांचा आहे.

फिंगरबोर्डच्या (नेकवर बोटं दाबायच्या पट्टीच्या) लाकडावरून घासाघीस करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 2017 च्या सुरुवातीपासून शिसवीच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आली आणि बऱ्याच कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली 2019 च्या अखेरीस. तोवर ‘इंडियन लॉरेल’ नावाचं लाकूड स्वस्त बेसवर रुळलं होतं. हा लॉरेल म्हणजे आपल्या सह्याद्रीतला ऐन. शिसवीपेक्षा दिसायला फिका आणि कोरडा वाटतो, पण कठीण आहे, टिकाऊ आहे. तो स्पेसिफिकेशनमध्ये दिसला म्हणून बेस नाकारू नका. वर्षातून दोनदा तारा बदलताना थोडं लेमन ऑइल चोळलं की पुरतं.

नेकच्या पाठीचा चकचकीत लॅकर दुकानाच्या एसीत छान वाटतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घामेजलेला अंगठा त्यावर चिकटतो. मॅट फिनिश असेल तर बरं. नसेल तर अंगठा फिरतो तेवढ्या भागावर अगदी बारीक स्क्रबिंग पॅड हलक्या हाताने घासून चकाकी मारता येते.

वजन काट्यावर करा. चार किलोच्या आत आरामात, साडेचारच्या वर तीन तासांच्या कार्यक्रमात खांदा बोलायला लागतो. मग पट्टा लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. वरचं शिंग आखूड आणि हेडस्टॉक जड असलेला बेस डोकं खाली टाकतो, आणि मग सूर दाबणारा डावा हात नेक उचलून धरण्यातच दमतो. आतून खरबरीत असा तीन इंची पट्टा बराच फरक पाडतो. हलक्या खुंट्या बसवल्या की आणखी. 1980 च्या सुमारास स्टाइनबर्गरने आणलेले बिनडोक्याचे बेस आज पुन्हा जोरात आहेत ते याच तोलामुळे. ते घेताना एकच विचारा: साध्या तारा लागतात की दोन्ही टोकांना गोळी असलेल्याच? दुसऱ्या प्रकारच्या तारा प्रत्येक गावात मिळत नाहीत.

पाच तारांचा मोहही बहुधा रूपाचाच असतो. ऑर्केस्ट्रात गायकाप्रमाणे पट्टी बदलत वाजवायचं असेल, तर खालची बी तार खरंच कामाची. नसेल तर ती जास्तीची तार आधी दाबून गप्प ठेवायला शिकावी लागते. घेणारच असाल तर बी तारेवर पाचवा फ्रेट वाजवा आणि तोच सूर मोकळ्या ई तारेवर वाजवा. बीवरचा सूर बद्द लागला तर तो बेस सोडा.

बिघाड समजून वर्कशॉपकडे धावणं

*तार फ्रेटवर आपटते.* जवारी तंबोऱ्यावर शोभते, बेसवर नाही. आधी तारा सुरात लावा, कारण चार तारांचा मिळून साधारण 80 किलोचा ताण नेकवर असतो आणि तो असतानाच मोजमाप खरं. पहिला फ्रेट कॅपोने (तारा दाबून धरणारा चिमटा) आणि शेवटचा बोटाने दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये 0.3 ते 0.4 मिलिमीटर फट हवी, म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतला, वाक कमीजास्त करणारा दांडा) घड्याळाच्या दिशेने पाव वळसा, कमी असेल तर उलट. मग पुन्हा सुरात लावा, थोडा वेळ जाऊ द्या, पुन्हा मोजा. किल्ली बरोबर मापाचीच हवी. सैल किल्लीने रॉडच्या नटाचे कोपरे गोल होतात आणि दुरुस्ती बेसच्या निम्म्या किमतीला जाते. रॉड फिरेनासा झाला तर जोर लावू नका.

फट ठीक झाली की अ‍ॅक्शन, म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली सुमारे 2.4 आणि जी तारेखाली 2 मिलिमीटर ही चांगली सुरुवात. मोठ्या ताकदीने वाजवणाऱ्यांना आणखी थोडी उंची लागते.

*वरचे सूर बेसूर.* बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, उतरा असेल तर पुढे. फक्त पहिल्या दोन-तीन फ्रेटचेच सूर चढे लागत असतील, तर दोष नटच्या खाचा उंच असण्याचा आहे. तिथे घरी कानस लावू नका.

*आवाज घरघरतो, सूर डळमळतो.* पिकअप तारांना फार जवळ आलाय, त्याची चुंबकं तार ओढतायत. शेवटचा फ्रेट दाबून ई तार आणि पिकअपमध्ये सुमारे 3 मिलिमीटर, जी तारेखाली अडीच.

*अ‍ॅक्टिव्ह बेसचा आवाज फाटतो किंवा बारीक होतो.* बहुतेक वेळा 9 व्होल्टची बॅटरी संपलेली असते. जॅकमध्ये केबल खोचली की प्रीअ‍ॅम्प चालू होतो, म्हणून रात्रभर केबल खोचून ठेवली की बॅटरी उतरते. कार्यक्रमाआधी नवीन बॅटरी टाका, जुनी सरावाला वापरा.

*गुणगुण.* तारांना हात लावला की कमी होते? मग वायरिंग ठीक आहे, खोलीतला ट्यूबलाइटचा चोक किंवा डिमर बघा. हात लावल्यावर वाढत असेल तर ब्रिजखालची अर्थची वायर सुटलेली असते. आणि तारांना हात लावून माइकला ओठ टेकल्यावर मुंगी चावल्यासारखं झालं, तर वाजवणं तिथेच थांबवा. मंडपातल्या बोर्डाचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनने तपासेपर्यंत पुन्हा केबल लावू नका, हे जिवावर बेतू शकतं.

*नॉबची खरखर.* इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पॉटच्या फटीत, आणि नॉब वीस-तीस वेळा फिरवा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे वापरू नका. सैल जॅकचा नट बाहेरून नुसता पिळू नका. आतला जॅक सोबत फिरून वायर तुटते. आतून जॅक धरून मगच आवळा.

पिकअप बदलायची घाईही टाळा. मल्टिमीटरवर जाझचा पिकअप साधारण 7 ते 8 किलोओहम आणि प्रिसिजनचा 10 ते 12 दाखवत असेल, तर तो जिवंत आहे. आधी तारा बदला. 45 ते 105 मापाच्या (इंचाच्या हजाराव्या भागात जाडी) निकेलच्या तारा मधला मार्ग, स्टीलच्या जास्त खणखणीत, फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) मऊ आणि जुन्या चित्रपटगीतांच्या साथीला चपखल. फ्लॅटवाउंडचा ताण बऱ्याचदा जास्त असतो, म्हणून त्या चढवल्यावर नेकची फट पुन्हा मोजा. तीच मोजणी पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की करा, आणि जूनपासून बेसच्या बॅगेत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या ठेवा.