पहिल्या रात्रीसाठी एक ट्रे

बाळ घरी आल्यावर पहिल्या रात्री रडण्यापेक्षा जास्त दमवते ती अंधारातली शोधाशोध. डायपर कपाटात, दुपटी दुसऱ्या खोलीत, आणि तोवर बाळ रडून लालबुंद. नवजात बाळ 24 तासांत साधारण 8 ते 12 वेळा दूध पितं, म्हणजे रात्रीतून तीन-चारदा उठणं आलंच.

1. संध्याकाळीच एका ट्रेमध्ये पाच-सहा डायपर, पुसायला मऊ कापड, दोन झबली, दोन दुपटी ठेवा. आईसाठी पाण्याची बाटली आणि काहीतरी खायलाही. पाजायला बसलं की हमखास तहान लागते! ट्रे पलंगावरून हात पोचेल असा हवा.

2. बाळाच्या गादीवर रबरी शीट, त्यावर चादर, पुन्हा शीट, पुन्हा चादर, सगळं घट्ट खोचून. ओलं झालं की वरची जोडी ओढून काढायची. खाली कोरडं अंथरूण तयार.

3. डायपर एका बाजूचं पाजून झाल्यावर बदला. पेंगुळलेलं बाळ थोडं जागं होतं आणि दुसऱ्या बाजूला नीट पितं. अगदी शेवटी बदलायला गेलात, तर नुकतं झोपलेलं बाळ टक्क जागं!

4. दिवा मंद, बोलणं जवळपास बंद.

एक मात्र सांभाळा. पाजताना सोफ्यावर डुलकी लागू देऊ नका, डोळे मिटायला लागले की बाळ दुसऱ्याच्या हातात द्या. झोपवताना पाठीवर, सपाट गादीवर. उशी, सैल पांघरूण, खेळणी काही नको.